विलोफोर्डची पुराची वही

१

वही नाहीशी झाल्याची बातमी आली तेव्हा मी दारासमोरच्या बाकावर चहा पीत होतो, आणि दगूबाई माझ्या मोज्यांवरून मला बोलत होती.

"आहो, पायमा बूट व्हतात ना तुम्हना? मंग मोजा कशा वल्ला व्हयनात?"

"गवतावर दंव होतं," मी म्हणालो.

"दव वरतून लागस. हाई ते खाले वल्लं शे, वर कोरडं."

छत्तीस वर्षांच्या संसारात मी एक शिकलो. मोजे, भांडी आणि पीक या तीन विषयांत दगूबाईशी वाद घालायचा नाही. मी समोर बघत राहिलो. बघण्यासारखं होतंच तसं.

आधी माझी ओळख सांगतो. नवनीत पाटील, राहणार म्हसावद, तालुका शहादा. तळोद्याच्या मराठी शाळेत तेहतीस वर्षं गुरुजी होतो. दगूबाई माझी बायको. शिक्षण चौथी, पण घरची केळी, पपई आणि मी, तिघांनाही तिनंच वळण लावलं. आमची मुलगी रूपाली इंग्लंडात विलोफोर्ड नावाच्या खेड्यात वृद्धाश्रमात नर्स आहे. तिच्याकडे आम्ही तीन महिन्यांसाठी गेलो होतो, ही तिथली हकीगत.

विलोफोर्ड म्हणजे साठ-सत्तर घरं, एक दगडी पूल, एक चर्च आणि मधून जाणारी नदी. आमची तापी बघितलेल्या माणसाला ती नदी म्हणजे पाटाचं पाणी वाटेल. पण काय स्वच्छ. तळाचा गोटा न् गोटा मोजून घ्यावा. गावात मोठ्यानं बोलणारं कुणी नाही. कुंपणाच्या बाहेर टेबलावर भाजी ठेवतात, शेजारी डबा, ज्यानं त्यानं पैसे टाकायचे आणि जायचं. पहिल्या दिवशी मी तासभर त्या डब्यावर नजर ठेवून होतो. कुणी बुडवलं नाही. अशा गावात चोरी झाली म्हणून कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

तेवढ्यात रूपाली ड्यूटी अर्धी टाकून आली. चेहरा पांढराफटक.

"बाबा, पुराची वही गेली. आणि आळ आकिबवर आलाय."

पुराची वही मी पाहिली होती. हिरव्या कातड्याची, ताटाएवढी, चर्चमध्ये काचेच्या पेटीत असते. सव्वादोनशे वर्षांत नदी जेव्हा जेव्हा काठ सोडून वर आली, तेव्हा तेव्हा गावातल्या कुणीतरी त्यात लिहून ठेवलं आहे: तारीख, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, कुणाची मेंढरं वाचवली. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. आपल्याकडे तापीला केवढे पूर आले, आणि आपण काय ठेवलं? म्हातारी माणसं होती तोवर आठवणी होत्या.

आणि आकिब म्हणजे आपला तळोद्याचा आकिब. त्याची आई अख्तरबानो शिलाईकाम करते. तो पहिली ते चौथी माझ्या हाताखाली होता. रूपालीनंच त्याला या वृद्धाश्रमात काम मिळवून दिलं.

झालं होतं असं. वहीची शिवण उसवली होती. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या हेझलबाईंनी त्या गुरुवारी सकाळी दहाला ती पेटीतून काढून दाराशी ठेवली. आकिब एका म्हाताऱ्याला दवाखान्यात दाखवायला शहरात निघाला होता, त्यानं जाताना ती बाइंडरकडे टाकायची होती. साडेअकराला बाइंडरचा फोन आला, वही आलीच नाही. आकिब म्हणतो, मी सव्वादहाला दाराशी गेलो, तिथं वही नव्हती.

"शनिवारी पाचला गावच्या कमिटीची बैठक आहे," रूपाली म्हणाली. "तोवर सापडली नाही तर पोलिसांत देणार. आणि पोलिसांत नाव गेलं की आमची मॅनेजर त्याला कामावरून काढणार. त्याचा व्हिसा या कामावरच आहे, बाबा. काम गेलं की तो परत तळोद्याला, आणि चोर म्हणून."

ती जिन्याकडे गेली आणि थांबली. "माझं लायब्ररीचं पुस्तक कुठंय? इथं पायरीवर ठेवलं होतं."

"मी नाही बघितलं," मी म्हणालो.

ते फ्रिजवर सापडलं, गणपतीच्या शेजारी. मीच ठेवलं असणार. पुस्तक पायरीवर पाहिलं की माझा हात आपोआप जातो, डोक्याला पत्ताही लागत नाही.

आता एक गोष्ट, जी मी त्या दिवशी कुणालाच सांगितली नाही. त्या सकाळी दहानंतर मीही चर्चमध्ये जाऊन आलो होतो. बूट काढले, आत गेलो, हात जोडले, पाचेक मिनिटं उभा राहिलो आणि आलो. वही मी घेतली नव्हती. मग परक्या मुलखात उगाच कशाला आपलं नाव पुढे करा, असा विचार केला. तसा मी भित्रा नाही, पण त्या दिवशी होतो.

२

आकिब संध्याकाळी आला. दारात बूट काढले, ओळीत लावले, आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. शाळेतही असाच बसायचा, पळायला तयार.

"खा पहिले," म्हणून दगूबाईनं त्याच्यापुढं भाकरी आणि ठेचा ठेवला. तो खाईना.

"बेटा, तू चर्चना दारशी गया, तवय काय दखं?"

"काही नाही, काकी. वही नव्हती."

"आतमा गया का?"

"नाही. म्हातारे गाडीत बसले होते, उशीर होत होता. दारातूनच फिरलो."

"आजून काय दखं? कोनी व्हतं का?"

 त्याची नजर खाली गेली, माझ्या पायांकडे, मग दाराजवळच्या बुटांकडे. "नाही काकी. कुणी नव्हतं." मला वाटलं, पोरगं शरमलं बिचारं.

"आपली कसम गुरुजी, मी वहीला हात नाही लावला," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"मला माहीत आहे रे," मी म्हणालो, आणि त्याला दारापर्यंत सोडून आलो.

दार लावलं तसं दगूबाई म्हणाली, "पोऱ्या खोटं बोली ऱ्हायना."

"म्हणजे? त्यानं घेतली?"

"वही नही लिन्ही त्यानी. पन कोनले तरी झाकी ऱ्हायना."

"कुणाला?"

तिनं आकिबची न खाल्लेली भाकरी फडक्यात बांधली आणि वर ठेवली.

३

शुक्रवारी आमची फेरी निघाली. दगूबाई विचारणार अहिराणीत, मी तिचं इंग्रजी करणार आणि उत्तराचं परत मराठी. तेहतीस वर्षं शिकवलेलं इंग्रजी शेवटी या कामी आलं.

गावात दोन माणसांना वही हवी होती. एक पुलाजवळचे जुन्या पुस्तकांचे दुकानदार, पेलसाहेब. त्यांनी वहीला दोनदा मागणी घातली होती आणि हेझलबाईंनी दोनदा हाकललं होतं. पेलसाहेब दोन काठ्या टेकत दारात आले, आम्हाला बसवलं, बिस्किटं दिली.

"चोरीची वही मी विकणार कुणाला?" ते म्हणाले. "अशी वही जगात एकच आहे. दुकानात ठेवली तर दुसऱ्या दिवशी सगळं गाव येईल." मग म्हणाले, "आणि मला ती विकायची नव्हतीच, वाचायची होती." माणूस मला आवडला. दगूबाई त्यांच्या काठ्यांची रबरी टोकं बघत होती.

दुसरा हेझलबाईंचा पुतण्या, नील. हा घरं बांधतो. नदीकाठच्या कुरणावर त्याला बारा घरं बांधायची आहेत, आणि वहीत लिहिलंय की त्या कुरणावर तीनदा कमरेएवढं पाणी चढलं. पुढच्या आठवड्यात परवानगीची सुनावणी. मी दगूबाईला कानात म्हणालो, हाच. माझ्या मनात खटला उभा राहून निकालही लागला होता.

नील हेझलबाईंच्याच स्वयंपाकघरात चहा पीत बसला होता, गुडघ्यापर्यंतचे चिखलाचे बूट तसेच पायात. काकूंची फरशी घाण झालेली, आणि त्याला त्याचं काही नाही.

"वही गेल्यानं तुमचा फायदा आहे," मी जरा कडक आवाजात म्हणालो.

तो हसला. "गुरुजी, त्या वहीच्या पानापानाचे फोटो गेल्या वर्षीच कौन्सिलकडे गेलेत. काकूंनीच पाठवले. वही चोरून मला काय मिळणार?"

हेझलबाई मागून म्हणाल्या, "खरं आहे. त्यानं केलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. निदान घरातलं घरात राहिलं असतं."

माझा खटला तिथंच निकालात निघाला. बाहेर आल्यावर मी दगूबाईला म्हणालो, "संपलं. आता कुणी उरलं नाही."

"उरेल शे," ती म्हणाली. "जिनी ठेयी, तिले कोठे इचारं आपन?"

४

लगेच परत जायचं मी टाळलं, शेवटी शनिवारी चार वाजता आम्ही परत हेझलबाईंकडे गेलो. बैठकीला एक तास होता. बाई अठ्ठ्याहत्तरच्या, ताठ कण्याच्या, नवरा गेल्यापासून चर्चची किल्ली त्यांच्याकडेच. डोळे सुजले होते.

"मला त्या मुलाचं नाव घ्यायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "वृद्धाश्रमातल्या माझ्या बहिणीला तो रोज अंघोळ घालतो. पण मी फरशी पाहिली, मग काय करू?"

"कसली फरशी?" दगूबाईच्या आधी मीच विचारलं.

दहाला त्यांनी दाराच्या आतली फरशी ओल्या फडक्यानं पुसली होती. मग वही ठेवून घरी गेल्या. पाकीट विसरलं म्हणून साडेदहाला परत आल्या. वही दिसली नाही, त्यांना वाटलं आकिब घेऊन गेला. फरशी अजून पुरती वाळली नव्हती, आणि तिच्यावर पावलांचे ठसे होते. बुटांचे नव्हेत. बिनबुटाच्या पावलांचे, आत जाणारे आणि बाहेर येणारे.

"चर्चमध्ये जाताना इथं कुणी बूट काढत नाही," हेझलबाई म्हणाल्या. "या गावात कुणाच्याही दाराशी बूट काढणारा आकिब एकच."

मी हे दगूबाईला सांगितलं आणि सांगता सांगता ध्यानात आलं, बूट काढून आत मीच गेलो होतो. आकिब तर म्हणाला होता, मी आत गेलोच नाही.

दगूबाई शांत होती. "काठीना ठसा व्हतात का, इचारा."

नव्हते. म्हणजे पेलसाहेब नाहीत. नील तर काकूंच्या घरातसुद्धा बूट काढत नाही.

"आते इचारा, वही उघडी ठेयेल व्हती का फडकामा गुंडायेल?"

मी विचारलं. हेझलबाई इंग्रजीत पटकन काहीतरी म्हणाल्या, मी मान हलवली आणि नेहमीसारखं मराठी करायला लागलो: "म्हणतात, पाऊस येईल असं वाटलं, म्हणून निळ्या चौकड्यांच्या फडक्यात बांधून, गाठ मारून, दाराबाहेरच्या पडवीत बुटांच्या फळीवर ठेवली. शेतकरी चिखलाचे बूट ठेवतात ना, ती फळी. कोरडी असते म्हणून..."

इंग्रजीत ऐकताना ते वाक्य माझ्या कानावरून गेलं होतं. मराठीत माझ्याच तोंडून निघालं आणि मी ते ऐकलं. फडक्यात बांधलेली पोथी. बुटांच्या फळीवर.

मी दगूबाईकडे पाहिलं. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"मोजा," ती एवढंच म्हणाली.

५

सगळं आठवलं. मी फळीवर बूट ठेवायला वाकलो, तर शेजारी फडक्यात बांधलेली पोथी. आमच्या घरी पोथी अशीच लाल फडक्यात बांधून देवाजवळ असते. ही बुटांत पडलेली. मला बघवेना. उचलली, कपाळाला लावली, आत नेली. वेदीच्या बाजूला खांबामागं उंच एक कोनाडा आहे, खोल, रिकामा. बाकावर चढलो आणि पोथी तिच्या जागी ठेवली. हात जोडले आणि घरी आलो. आणि विसरलो, जसं जिन्यावरचं पुस्तक विसरलो. सगळे हिरव्या कातड्याची वही शोधत होते. फडक्यातल्या पोथीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

"गाव चोर दखी ऱ्हायना," दगूबाई रस्त्यात म्हणाली. "म्हनीसन बाकखाले, कपाटमा दखं. चोर वर कसाले ठेयी? वर तोच ठेवस, जो पाया पडस."

मला एक गोष्ट कबूल करायची आहे. चर्चकडे जाताना मी तिला म्हणालो, "आपण पुढं जाऊ. कुणी यायच्या आत काढतो आणि पेटीत ठेवून देतो. वही मिळाली की झालं."

दगूबाई रस्त्याच्या मधोमध थांबली. छत्तीस वर्षांत तिनं माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

"मंग लोके काय म्हनतीन? पोऱ्या भ्यायना आनि गुपचूप ठेयी गया. तो जलमभर चोर ऱ्हाई."

मी मान खाली घातली.

पाचला चर्चमध्ये पंधरा-वीस माणसं जमली. कोपऱ्यात आकिब, शेजारी रूपाली. अध्यक्षांनी घसा साफ केला, आणि मी उभा राहिलो.  मी दारात जाऊन बूट काढले, फळीवर ठेवले, सगळ्यांच्या देखत मोज्यांनी चालत वेदीपर्यंत गेलो, बाकावर चढलो आणि कोनाड्यात हात घातला.

निळ्या चौकड्यांचं गाठोडं जसंच्या तसं होतं.

"वही चोरीला गेली नव्हती," मी इंग्रजीत म्हणालो. "मी ठेवली. आमच्यात पुस्तक पायांपाशी ठेवत नाहीत. मला वाटलं हा तुमचा धर्मग्रंथ आहे, कुणी चुकून बुटांत ठेवला. ही चूक माझी. त्याहून मोठी चूक अशी, की मी त्या सकाळी इथं होतो हे तीन दिवस लपवलं, आणि या मुलाला तुमच्यासमोर उभं राहावं लागलं."

 हेझलबाई पुढं आल्या, गाठोडं माझ्या हातातून घेतलं, गाठ सोडली, वहीवरून हात फिरवला. मग मान वर करून कोनाड्याकडे बघितलं.

"त्या जागी पूर्वी संताची मूर्ती होती," त्या म्हणाल्या. "चारशे वर्षं रिकामी आहे. आम्हाला कुणालाच तिथं काही ठेवायचं सुचलं नाही."

मग त्या आकिबकडे गेल्या. त्यांच्यामागं पेलसाहेब काठ्या टेकत, मग नील, मग अध्यक्ष. एकेकानं त्याचा हात हातात घेतला आणि म्हटलं, आमचं चुकलं. कारणं कुणी दिली नाहीत, असं होतं, तसं वाटलं, काही नाही. मला ते फार आवडलं. आपल्याला इतकं सरळ चुकलो म्हणता येत नाही, निदान मला तरी येत नव्हतं.

सगळे गेल्यावर मी आकिबला विचारलं, "तू दाराशी काहीतरी बघितलं होतंस."

तो फळीजवळ उभा होता. "तुमचे बूट, गुरुजी. टाच आपल्या तळोद्याच्या मोचीनं लावलेली, दुरूनच ओळखली."

"मग बोलला का नाहीस? नोकरी गेली असती तुझी."

"तुम्ही चोरी करणार नाही हे मला माहीत होतं. पण बूट तुमचे म्हटलं असतं तर पोलीस तुम्हालाच विचारत बसले असते, या वयात." तो जरा हसला. "दुसरीत मी पाटीवर बसलो होतो, तेव्हा तुम्ही माझा कान धरून ती पाटी कपाळाला लावायला लावली होती. तेव्हा बिस्मिल्ला म्हणून लावली, आठवतं? तुम्ही म्हणालात, तसंही चालेल."

मला आठवत नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

६

परत आलो तेव्हा म्हसावदला पपईची काढणी चालू होती. चार दिवस मी काही ना काही कारण काढत राहिलो. पाचव्या दिवशी दगूबाई लुगडं बदलून अंगणात उभी राहिली.

"तथा इंग्रजीमा सांगं. आते आपली बोलीमा सांगा. चाला तळोदाले."

आकिबवर आळ आल्याची कुणकूण फोनवरून तळोद्यापर्यंत पोचली होती, आणि पोरगं सुटलं तरी गल्लीत बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार. अख्तरबानो शिलाई मशीनवर बसली होती. आम्हाला पाहून उठली, सतरंजी टाकली. शेजारच्या दोन-चार बायका, समोरचा किराणावाला सलाउद्दीन, सगळे गोळा झाले. मी दारात बूट काढले, आत न बसता उंबऱ्यापाशी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वही मी ठेवली. मी तिथं होतो ते मी लपवलं. पोरानं माझे बूट ओळखले होते आणि तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही.

सलाउद्दीन खाली मान घालून दुकानात गेला. बायका अख्तरबानोच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"गुरुजी, बसा तर," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"आकिबनं त्याच रात्री फोन केला होता. म्हणाला, अम्मी, बूट गुरुजींचे होते, काय करू? मी म्हटलं, तू नाव घेऊ नको. गुरुजींच्या ध्यानात आलं की ते आपणहून सांगतील. दोन दिवस कळ काढ." तिनं पदरानं कपबशी पुसली. "आणि सांगितलंतच ना तुम्ही."

आपणहून. मी दगूबाईकडे पाहिलं. रस्त्यात मी काय बोललो होतो आणि ती कशी थांबली होती, हे जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं. तिच्या एका शब्दानं माझी अब्रू त्या उंबऱ्यावर उतरली असती.

"हाव," दगूबाई म्हणाली, "त्यास्नीच सांगं."

अख्तरबानोनं चहा आणला. साखर फार होती, पण मी सगळा प्यालो. घरी येताना जीपमध्ये मी विलोफोर्डच्या रस्त्यातली गोष्ट परत काढली, दगूबाईला म्हणालो, की माझ्यासाठी ती आज खोटं बोलली, की तेव्हा ती थांबली नसती तर माझ्यानं सांगणं झालं नसतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "पुढली खेपले आपनहून सांगा."